न्हाणीघराची फरशी

गेल्या पावसाळ्यांत आजी न्हाणीघरांत घसरून पडली. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. पण दोष आमचाच होता. फरशी घासण्याचें काम आम्हां भावंडांकडे होतें व तें आम्ही रोज उद्यांवर ढकलीत होतों.

पडेगांवच्या आमच्या घरीं कूपनलिकेचें पाणी जड आहे. त्यांतील चुन्याचा थर साबणाच्या मळीसह फरशीवर बसतो आणि ओलाव्यानें त्यावर बुरशी धरते. लाजेनें आम्ही त्याच दिवशीं बाजारांतून तीव्र आम्ल आणून फरशीवर ओतलें. फरशी फसफसली, डाग गेले, पण तिचा गुळगुळीतपणाही गेला. मागाहून वडिलांनीं सांगितलें, शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड. डागांतला चुना व दगडांतला चुना यांत आम्ल भेद करीत नाहीं. त्यांत ब्लीचिंग पावडर मिसळली असती, तर विषारी क्लोरीन वायूनें प्राणावरच बेतलें असतें!

खडबडीत झालेल्या त्या फरशीवर आतां मळ अधिकच लौकर बसतो. म्हणून दर रविवारीं आम्ही धुण्याचा सोडा टाकून ती काथ्याच्या कुंच्यानें घासतों, पाणी निपटून काढतों व खिडकी उघडी ठेवतों. आजी मात्र अजून भिंत धरूनच आंत जाते. तिचा विश्वास परत मिळविण्यास आम्हांला आणखी कांहीं रविवार लागतील.