घट्ट झालेली जोडवी

साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या पायांचा सगळा इतिहास तिच्या जोडव्यांना ठाऊक आहे. लग्नानंतर ती सैल होती, चालताना सरकायची. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काढून डब्यात ठेवावी लागली. पुढे शाळेत दिवसभर फळ्यापाशी उभं राहिलं की संध्याकाळी बोटांत रुतायची आणि सकाळी पुन्हा नीट बसायची. पाय सुजले म्हणजे दमणूक, एवढाच तिचा हिशेब.

साठीनंतर बीपी निघालं आणि रोजची अम्लोडिपिन सुरू झाली. ५ मिलिग्रॅमची गोळी १०ची झाली. दाब उतरला, पण घोटे भरले आणि सकाळीही उतरेनात. जोडवी शेवटी सोनाराने कापून काढली. कुणी किडनीवर बोट ठेवलं, कुणी हृदयावर; शेजारणीने मीठ तोडलं. तपासण्या ठीक आल्या, तरी ‘पाण्याची गोळी’ जोडली गेली. रात्रीच्या खेपा वाढल्या, घोटे तसेच.

अम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैलावते, शिरा मात्र तितक्या सैलावत नाहीत. आणणारा नळ मोठा झाला, नेणारा होता तेवढाच राहिला. मग केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यांशी साचतं. अंगात पाणी वाढलेलं नसतं, त्याने फक्त जागा बदललेली असते. म्हणूनच लघवी वाढवणारी गोळी इथे फारशी चालत नाही. औषधाच्या माहितीपत्रकात ही सूज ५ मिलिग्रॅमला ३ टक्के, तर १० मिलिग्रॅमला सुमारे ११ टक्के रुग्णांत नोंदली आहे. बायकांत पुरुषांपेक्षा दुपटीहून जास्त.

खरोखर पाणी धरून ठेवणारं औषध वेगळंच. मिनॉक्सिडिल १९७९ साली अमेरिकेत तीव्र रक्तदाबासाठी मंजूर झालं. त्याने किडन्या मीठ-पाणी अडवतात, क्वचित हृदयाच्या आवरणातही पाणी साठतं. तिथे पाण्याच्या गोळीची जोड सहसा लागतेच. अंगभर केसही उगवत, आणि त्यातूनच टक्कलावरचं औषध निघालं!

शिक्षिकेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी अम्लोडिपिन निम्मी केली आणि शिराही सैलावणारी टेल्मिसार्टन जोडली. पाण्याची गोळी थांबली. काही आठवड्यांत घोट्यांची हाडं दिसू लागली.

सूज आली म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, सूज कधी दिसली, हे लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र एकच पाय सुजला, धाप लागली किंवा ओठ-जीभ सुजली, तर तडक दवाखाना गाठा.