राजमाचीचे बिल

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चांगलेच वाजले. निमित्त नेहमीचेच. पावसाळी ट्रेकला गेलेली मुले डोंगरात अडकली, रात्रभर शोधाशोध, पहाटे सुटका. दर पावसाळ्यात अशी बातमी येतेच. माझा पाठचा भाऊ शिरीष, रिटायर झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीवर मत असते (मला नसते असे नाही!), त्याने लिहिले, "या टोणग्यांना शोधायचा सगळा खर्च त्यांच्या बापाकडून वसूल करा. दोन बिले फाडली की आपोआप घरी बसतील." खाली सात अंगठे.

मी लिहिले, "मग माझ्यापासून सुरुवात कर." त्यावर सगळे गप्प. ताईचे काहीतरी बिनसले आहे असे वाटले असणार. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

साल १९८४, जुलै महिना. नववीच्या चौतीस मुलांना घेऊन आम्ही दोघे शिक्षक, मी आणि आमचे पीटीचे सर, राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून चालत उधेवाडी, तिथे गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांवरून कर्जतला उतरून लोकलने घरी. डोंबिवलीच्या कितीतरी लोकांनी केलेला हा रस्ता आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले मुलांनी धुक्यात पाहिले, म्हणजे काहीच पाहिले नाही, पण खूश होती.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी ज्यांच्या पडवीत आम्ही झोपलो होतो ते म्हातारे बाबा म्हणाले, "बाई, आज खाली उतरू नका. व्हळाला पाणी आलंय. आल्या वाटंनं लोणावळ्याला जावा, नायतर उद्या बघा." मी म्हटले, उद्या सोमवार, शाळा आहे. पालक स्टेशनवर वाट बघत असतील. आणि खरे सांगायचे तर चौतीस मुलांना पुन्हा पंधरा-सोळा किलोमीटर चिखलातून चालवायचे माझ्या जिवावर आले होते.

लेण्यांच्या बऱ्याच वर एका ओढ्यात एक मुलगा घसरला. नडगीचे हाड मोडले. तो रडतसुद्धा नव्हता, नुसता पांढराफटक पडला होता. पीटीचे सर दोन मोठ्या मुलांना घेऊन परत वर गावात गेले. ते येईपर्यंतचे दोन-अडीच तास मी उरलेल्या मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. दुसरे काही सुचले नाही.

गावातून सहा जण आले. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, मुलाला त्यात घातले आणि खांदे बदलत ती निसरडी वाट उतरून त्याला खालच्या गावापर्यंत आणले. तिथून गाडीने कर्जतला डॉक्टरांकडे. सहलीच्या पैशांतले पासष्ट रुपये माझ्याकडे उरले होते, ते मी पुढे केले. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पोराच्या औषधाला होतील." मी ते पर्समध्ये परत ठेवले.

त्या वर्षीच्या शाळेच्या वार्षिक अंकात मी यावर लेख लिहिला, 'माणुसकीचे दर्शन'. मुख्याध्यापकांनी कौतुक केले. बाबांनी सकाळी उतरू नका म्हणून सांगितले होते, हे वाक्य त्या लेखात नाही. कुठेच नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढे १९९७ च्या डिसेंबरात आम्ही दोघे नवरा-बायको राजमाचीला गेलो. बाबा गेले होते. त्यांच्या म्हातारीने मला ओळखले आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या पोराचा पाय जुळला का नीट?" चहा झाला. मग बोलता बोलता, तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हणाली की त्या साली आवणी मागे पडली होती. भाताची लावणी तिथे सावडीने होते, आज सगळे मिळून याच्या खाचरात, उद्या त्याच्या. सहा गडी आमच्या झोळीला गेले, ओढा वाढल्यामुळे त्यांना त्या रात्री वर येताच आले नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मग पावसाने उघडीप दिली आणि रोपे वाफ्यातच राहिली.

म्हणजे शिरीष, बिल फाडले गेलेच होते. फक्त ते आमच्या नावावर नव्हते.

आता तुझ्या अमेरिकेच्या मुद्द्याबद्दल. तू लिहिलेस की तिकडे असे वसूल करतात. खरे आहे, पण अर्धेच. तुझीच लेक बोस्टनहून न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांत जाते, तिला मी फोन करून विचारले. त्या राज्यात निष्काळजीपणे अडकलेल्या माणसाकडून सुटकेचा खर्च घेण्याचा कायदा आहे. पण २०१५ पासून तिथे २५ डॉलरचे एक वार्षिक कार्डही मिळते. ते घेतले असेल तर निष्काळजीपणाचे बिल येत नाही, अगदी बेदरकारपणा केला तर मात्र येऊ शकते. कार्ड निघायच्या आधी डोंगरात चुकलेल्यांना शोधायचा खर्च कशातून व्हायचा? शिकारी आणि मासे पकडणारे यांच्याकडून आणि होड्यांच्या नोंदणीवर लावलेल्या डॉलरमधून! डोंगर चढणाऱ्याचे पैसे गळ टाकून बसलेला माणूस भरत होता. कार्ड ही मला शहाणपणाची गोष्ट वाटते. उलट ब्रिटनमध्ये डोंगरातली पथके स्वयंसेवकांची आहेत आणि बिल लावत नाहीत. बिलाच्या भीतीने माणूस हाक मारायला उशीर करील ही त्यामागची काळजी.

ती मला पटते, कारण मी स्वतःला ओळखते. वर माणसे पाठवली तर पाच हजार रुपये पडतील असे मला १९८४ साली माहीत असते, तर? माझा पगार तेव्हा हजाराच्या आतबाहेर. मी त्या मुलाला पीटीच्या सरांच्या पाठुंगळी देऊन "हळूहळू उतरू या" म्हटले नसते, असे मी छातीठोक सांगू शकत नाही.

आपल्या सह्याद्रीत आजही बहुतेक वेळा जातात ते स्वयंसेवकच. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स. पोटापाण्याचे उद्योग सांभाळणारी ही माणसे फोन आला की दोर घेऊन निघतात. दरीतून जिवंत माणसे आणतात आणि पुष्कळदा मृतदेहही आणतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. भर पावसात चालत वर गेलेल्यांत ट्रेकिंगवाली मंडळीही होती. नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी तर चढतानाच हृदयविकाराने गेले. त्या बातम्या वाचताना मला उधेवाडीची झोळी आठवत होती.

वसूल कुणाकडून करायचे ते मला ठाऊक आहे. माणशी हजार-दीड हजार घेऊन साठ-सत्तर पोरांचा कळप एका वाटेने चढवणारे जे आयोजक निघाले आहेत, त्यांच्याकडून. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणात त्यांना नोंदणी बंधनकारक केली आहे. कितीजण करतात ते विचारा. त्यांच्या तिकिटातच पन्नास रुपये पथकांच्या दोरासाठी, विम्यासाठी आणि गावासाठी कापून घ्यावेत. बाकी ज्याचा पाय मोडला आहे त्याला आधी खाली आणावे, हिशेब मग.

हा क्रमांक सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा: ७६२०२३०२३१. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा आहे. नातवाच्या फोनमध्ये मी स्वतः घातला. तो येत्या शनिवारी हरिश्चंद्रगडाला चालला आहे. "गावातले लोक नको म्हणाले तर?" असे त्याला विचारले, तर म्हणाला, "आज्जी, तू हे चौथ्यांदा विचारते आहेस."

ते पासष्ट रुपये शाळेत जमा केले की नाही, हे कितीही आठवले तरी आठवत नाही. गेल्या महिन्यात एका पथकाला थोडे पैसे पाठवले. पावतीवर 'देणगी' असे छापले आहे. शब्द चुकला आहे, पण पावती दुरुस्त करून मागायला गेले तर त्यांना वाटेल मास्तरीण अजून लाल पेन घेऊनच फिरते.

शिरीष, तू हे वाचून ग्रुपवर काय लिहिणार ते मला माहीत आहे. तिथे लिहू नकोस. दिवाळीला ये, चकल्या खात भांडू.