फळ्यावर नसलेलं गाव

सातवीच्या वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले होते. एकात गाव, दुसऱ्यात त्याची ओळख. नागपूरची संत्री, सोलापूरची चादर, कोल्हापूरची चप्पल, मालेगावचे यंत्रमाग. मुलं भराभर सांगत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, आपलं रोहणा कशासाठी प्रसिद्ध आहे?” वर्ग हसला. तो ओशाळून खाली बसला. उत्तर मलाही सुचलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मिरजेला नात्यातलं लग्न निघालं. वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या या गाडीच्या खिडकीतून तो फळाच सरकत जातो म्हणा ना! जळगाव आलं, केळी आली. मनमाड सोडलं की पैठणीचं येवला. पुढे साताऱ्याचे कंदी पेढे, मग हळदीची सांगली. मुलं प्रत्येक नावाला उठून बसत होती.

मिरजेत लग्नघरातून वेळ काढून सतारमेकर गल्लीत गेलो. इथले पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी घटली, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. एका दुकानात मोठाले भोपळे टांगलेले होते. मी विचारलं, “हे इथेच पिकतात का?” चाचा हसले. “नाही मास्तर, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतात. भोपळा चांगला नसेल तर आमचा हात काय करणार?”

परतीच्या वाटेवर तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. नाव मिरजेचं, पण आवाज घुमतो तो कुण्या अनोळखी शेतकऱ्याच्या भोपळ्यात. औरंगाबादच्या हिमरूतही रेशमाच्या जोडीला सूत असतंच. सोलापूरची चादर तर सुताचीच. आणि सूत कुठून येतं? कुणाच्या तरी रानातल्या कापसातून. आमच्या भागातल्या कापसासाठीच तर इंग्रजांच्या काळात पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे टाकली होती. अब्बू तिच्या गोष्टी सांगत. आता ती गाडी बंद आहे, कापूस मात्र आहे. त्याचा भाव पिकवणारा ठरवत नाही, हे दुखणंही आहेच.

जूनअखेर शाळा उघडली. तो मुलगा आता आठवीत. घरी सरकी लावणं चाललं होतं, नखांत अजून काळी माती होती. मी पुन्हा रकाने आखले आणि खडू त्याच्या हातात दिला. मिरजेच्या भोपळ्याची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग सगळ्यांत खाली लिहिलं: रोहणा – कापूस.

या वेळी कुणी हसलं नाही. निम्म्या वर्गाच्या घरी तोच तर पिकतो.

तुमच्या घरातलं मूलही कधीतरी हा प्रश्न विचारेल. उत्तर पुस्तकात सापडलं नाही, तर त्याला एकदा गावच्या शेतात, नाहीतर कारागिराच्या दुकानात घेऊन जा.