कायोटीच्या मागावर

आमच्या घराण्यात शिकारी म्हणावा असा एकच माणूस झाला, तो म्हणजे माझे धाकटे काका. निफाडच्या मळ्यात उसात शिरणाऱ्या कोल्ह्यांसाठी ते बाराच्या बोअरची बंदूक घेऊन रात्र रात्र बांधावर बसत आणि बहुधा सर्दी घेऊन परत येत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि काकांची बंदूक खुंटीला लागली ती कायमचीच. त्यांच्या सर्दीचा वारसा तेवढा माझ्याकडे आला.

अशा घरातला मी, वयाच्या ५८ व्या वर्षी, उणे २२ अंश थंडीत, बर्फात पालथा पडून रायफलीच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलो होतो, हे सांगितलं तर नाशिकची मंडळी हसतील. आमची सौ.ही आधी हसली होती. मग म्हणाली, "अहो, घरात झुरळ निघालं तर तुम्ही मला हाक मारता!" हे खरं आहे. पण झुरळाचा प्रश्न वेगळा आणि शेजाऱ्याच्या मेंढ्यांचा वेगळा.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला आम्ही वीस-बावीस वर्षं राहतो आहोत. शेजार म्हणजे अर्ध्या मैलावरचं घर. तिथं एक म्हातारबाबा राहतात. फिनलंडहून लोखंडाच्या खाणींत कामाला आलेल्या मजुराचे ते नातू. बोलणं मोजकं, कॉफी मात्र बेसुमार. आम्ही इथं नवे असताना पहिल्याच हिमवादळात आमची गाडी खड्ड्यात गेली होती. ती बाबांनी ट्रॅक्टरनं ओढून काढली आणि आभार ऐकायलाही थांबले नाहीत. त्या उपकाराचं ओझं मनावर होतंच.

२०२२ च्या शरद ऋतूत त्यांची चार कोकरं आणि एक मेंढी गेली. मेलेल्या जनावराच्या गळ्यावर दातांच्या खुणा होत्या. कायोटी गळा धरून मारतो. विजेचं कुंपण होतं, राखणीचा कुत्रा होता, पण कुत्रा म्हातारा झाला होता आणि मालकाचे गुडघेही. डिसेंबरात बाबा कॉफी पिता पिता म्हणाले, "एका जोडीला चटक लागली आहे. मी एकटा आता बर्फात चालू शकत नाही. तू येशील?"

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. उत्तरेकडं त्याचं वजन पंधरा-वीस किलोंपर्यंत भरतं. नाव मूळचं मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं. एके काळी हा पश्चिमेच्या माळरानांवरचा प्राणी. माणसानं लांडगे मारले, जंगलं तोडली आणि याला वाट करून दिली. आज तो थेट अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला आहे, शिकागोसारख्या शहरातही नांदतो आहे. इतका हुशार प्राणी माझ्यासारख्याच्या हाती लागेल, यावर माझा स्वतःचाही विश्वास नव्हता. तरी मी "येतो" म्हटलं.

आता रायफल आली. साडी खरेदीला लाजवील एवढा वेळ मी दुकानात घालवला. .२२३ घ्यावी तर काडतुसं स्वस्त आणि धक्का हलका, पण गोळी वाऱ्यात सरकते. .२४३ मोठी, मूळ हरणासाठी चांगली, पण कातड्याला भलं मोठं भोक पाडील. शेवटी बाबांच्या सल्ल्यानं मधली घेतली, .२२-२५०. तिची ५५ ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम साडेतीन ग्रॅम शिसं आणि तांबं, पण नळीतून सुटताना सेकंदाला ११०० मीटरच्या वर धावते. गोळी पातळ आवरणाची हवी, म्हणजे ती अंगात शिरताच फुटते आणि जनावर जागीच आटोपतं. पूर्ण कवचाची गोळी आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळतं आणि गोळी गोठलेल्या जमिनीवर आपटून भलतीकडेच उडते.

बाबांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. रायफलीच्या बोल्टमधलं तेल पुसून काढायचं, कारण या थंडीत ते मधासारखं घट्ट होतं. आणि रायफल घरात आणायची नाही, थंड शेडमध्येच ठेवायची. पहिली गोष्ट मी केली. दुसरीबद्दल पुढं सांगतो.

राहिल्या बर्फावरच्या खडावा, म्हणजे स्नोशूज. वाचकांनी दोन मोठ्या टेनिस रॅकेटी पायांना बांधल्या आहेत अशी कल्पना करावी. अंगाचं वजन मोठ्या जागेवर पसरलं की माणूस बर्फात रुतत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. म्हणून जोडी घेताना पावलाचं माप कामाचं नाही. आपलं वजन, त्यात कपडे आणि बंदुकीचं वजन, असा हिशेब करावा लागतो. मी ॲल्युमिनियमची, खाली दाते असलेली नवी जोडी आणली. बाबांनी ती कडक बर्फावर एकदा आपटली. खडखड आवाज झाला. "हे ऐकून कायोटी कॅनडात जाईल," एवढंच म्हणाले आणि आतून आपली जुनी जोडी घेऊन आले. ॲश लाकडाची चौकट आणि कच्च्या चामड्याच्या वादीची वीण. ओल्या बर्फात वादी सैल पडते, पण कोरड्या थंडीत हिच्यासारखी मुकी चाल दुसरी नाही. पाय फाकून चालण्याचा सराव मी आमच्या अंगणात केला. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडलो. सौ. खिडकीतून मोजत होती.

जानेवारी २०२३ मधली ती पहाट. आदल्या संध्याकाळी २०० यार्डांवर नेम जुळवून मी घरी आलो आणि नव्या रायफलीच्या कौतुकानं ती थेट स्वयंपाकघरात घेऊन गेलो. गार लोखंडावर दव धरलं. मी वरवर पुसलं, तिच्याकडं पुन्हा पुन्हा पाहिलं आणि पहाटे तशीच बाहेर नेली.

मेंढवाड्यामागच्या झाडीत बाबांनी पाऊलखुणा दाखवल्या. तीन इंचांहून लहान. "लांडग्याचा पाय साडेचार इंचांचा असतो," ते कुजबुजले. लांडग्याला त्या हिवाळ्यात केंद्र सरकारच्या कायद्याचं संरक्षण होतं, कायोटीला मात्र राज्यात बारा महिने मुभा होती. ओळखण्यात चूक झाली असती तर कोर्टात उभं राहायची पाळी. आम्ही वाऱ्याकडं तोंड करून बसलो, पाठीशी उघडं तळं ठेवून. कायोटी नेहमी वळसा घालून वास घेत मागून येतो, म्हणून. बाबांनी जखमी सशाच्या किंकाळीची शिट्टी वाजवली. ती ऐकून माझ्याच अंगावर काटा आला.

वीस मिनिटांनी तो आला. निमुळतं तोंड, मोठे टोकदार कान, शेपूट खाली. कायोटीच. शंभर पावलांवर थांबला. मी चाप ओढला. 'टिक्' असा आवाज झाला आणि बाकी काही नाही.

बोल्टमधलं दव गोठलं होतं. आतली पिन अडखळली. न उडालेल्या काडतुसाला अर्धा मिनिट तसंच राहू द्यावं, हा साधा नियमही मी विसरलो. घाईघाईनं दुसरं भरलं आणि पळत्या जनावरावर बार टाकला. तो कोलमडला, उठला आणि मागचा एक पाय ओढत झाडीत शिरला.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गुडघ्यावरचा बर्फ झटकला आणि म्हणाले, "चल."

"तुमचे गुडघे..." मी म्हणालो.

"त्याच्या पायापेक्षा बरे आहेत."

दोन तास आम्ही चाललो. पांढऱ्या बर्फावर लाल ठिपके. कुठं जास्त, कुठं नुसती एक रेघ. दर शंभर पावलांवर बाबा झाडाला टेकून उभे राहत. मी दोनदा म्हटलं की तुम्ही थांबा, मी जातो. त्यांनी उत्तरच दिलं नाही. पुढं त्या मागाला दुसरा माग येऊन मिळाला, अगदी बाजूनं चालणारा. "जोडीदार आहे," बाबा म्हणाले. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा मीलनाचा काळ. त्या दुसऱ्या पावलांकडं मला पाहवेना.

गोठलेल्या दलदलीत एका पडलेल्या खोडाआड तो सापडला. आमच्याकडं पाहत होता. गुरगुरलाही नाही. रायफल मला हातात स्थिर धरवेना, म्हणून मी ती खोडावर टेकवली. या वेळी बार नीट उडाला. समोरच्या झाडीतून काहीतरी करडं हललं. बाबांच्या खांद्याला त्यांची बंदूक होती, पण त्यांनी ती उतरवली नाही. "आज पुरे," ते म्हणाले.

त्या वसंतात बाबांची कोकरं वाचली. पण वर्षभरानं रिकाम्या रानात दुसरी जोडी आलीच. कायोटीचं असंच असतं, जागा फार दिवस ओस पडत नाही. मग आम्ही दोघांनी मिळून कुंपण वाढवलं, राखणीला दोन तरुण कुत्रे आणले, मेंढ्यांची बाळंतपणं गोठ्यात करायला सुरुवात केली. बंदुकीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. रायफल मी विकलेली नाही. ती शेडमध्ये असते, घरात आणत नाही.

गेल्या दिवाळीत नाशिकला आलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. आता त्यांना ऐकू कमी येतं. मोठ्यानं सांगावं लागलं, म्हणून चकल्या तळणाऱ्या बायकाही स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. बार नीट लागला नाही म्हटल्यावर काका ताठ बसले.

"मग सापडला का?"

"सापडला. दोन तासांनी."

काका बराच वेळ खुंटीकडं पाहत राहिले. तिथं आता फक्त कॅलेंडर आहे.

"माझा एक सापडला नव्हता," ते म्हणाले. "उसात शिरला. रात्र होती, मी घरी आलो." मग चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "कायदा नंतर आला रे. बंदूक मी त्याच्या आदल्या वर्षीच ठेवली होती."