दोन ते चारचा पहारा

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या तरी गळ्यात असलीच पाहिजे. पहारा बदलताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वाजती वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दिवसाचे पहारे सगळ्यांना पाहिजे असतात. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन; माणसांची वर्दळ असते, वेळ कसा जातो ते कळत नाही. कीर्तन आटोपून लोक घरी गेले, जागराची भजनंही थकली, की मग उरतो रात्री दोन ते चारचा पहारा. तो गावात ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतो. १९८६ साली तो माझ्या गळ्यात पडला. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि लिहिणं सोडून मला दोन वर्षं होत आली होती.

आधी लिहिण्याचं सांगतो. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. होतं ते कानावरचं. माय पहाटे जात्यावर बसायची. ७२च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा. माय दिवसभर तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि पहाटे उठून मिलो दळायची. लाल रंगाची ती परदेशी ज्वारी, भाकरीला चव नाही की चिकटपणा नाही. पण जात्यात मिलो पडली म्हणून मायची ओवी काही बिघडली नाही. जात्याच्या घरघरीवर ती भावाला, लेकीला, विठ्ठलाला एकाच दमात बोलवायची. मी वाकळेत पडल्या पडल्या ऐकायचो. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, लिहून ठेवली म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या खटपटीनं त्यांचं पुस्तक निघालं. आमच्या गावात मी लिहून घ्यायच्या वयाचा झालो तोवर पिठाची गिरणी आली होती. जातं थांबलं तशा ओव्याही थांबल्या.

पुढं रेडिओ आला. बापानं जागलीला जाताना सोबत म्हणून एक जुना ट्रान्झिस्टर घेतला होता. ज्वारी हुरड्यात आली की रात्री डुकरं येतात. माळ्यावर बसून डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या आणि मधल्या वेळात गाणी ऐकायची. मी दहावीच्या आसपास असताना ‘जैत रे जैत’ची गाणी लागायला लागली. गाण्याआधी बाई नावं सांगायची: संगीत हृदयनाथ मंगेशकर, गीत ना. धों. महानोर. आम्हाला वाटलं, असेल कुणी मुंबईचा मोठा माणूस. तालुक्याच्या वाचनालयात ‘रानातल्या कविता’ हातात पडलं तेव्हा कळलं, की हा माणूस अजिंठ्याच्या डोंगराकडचा, पळसखेडचा. कॉलेज सोडून शेती करणारा. म्हणजे औत हाणणाऱ्या माणसाचे शब्द लता मंगेशकर, आशा भोसले गातात! त्या रात्री मला झोप आली नाही. माळ्यावर कंदिलाच्या उजेडात मी पहिली गोष्ट लिहिली ती त्याच महिन्यात.

चार वर्षांत अकरा गोष्टी झाल्या. दिवाळी अंकांना पाठवायच्या, सोबत परतीचं पाकीट जोडायचं. पाकीट दोन-अडीच महिन्यांनी आपल्याच अक्षरातला पत्ता घेऊन परत यायचं. पोस्टमन मोठा मिश्कील. लांबूनच ओरडायचा, “आली बरं तुमची लेक माघारी!” त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. छापील चिठ्ठी असायची, ‘साभार परत’. साभार हा शब्द मला आवडायचा.

१९८३ च्या पावसाळ्यात मी अकराही गोष्टी कोऱ्या वहीत उतरवून शहरातल्या एका प्रकाशकाकडे रजिस्टरनं पाठवल्या. पोचल्याची पावती आली. पुढं काहीच नाही. तीन पत्रं टाकली. शेवटी कापूस विकून आलेल्या पैशातनं तिकीट काढून गेलो, तर तिथल्या माणसानं कपाटं दाखवली आणि म्हणाला, “तुम्हीच बघा, सापडली तर न्या.” वह्यांचे ढीग होते. माझी नव्हती. घरी येऊन कच्च्या वह्यांची पेटी उघडली. आमचं माळवदाचं घर, पेटी भिंतीला लागून ठेवलेली. वाळवीनं आत चाळणी करून टाकली होती. वही उचलली की मातीच हातात यायची.

त्यानंतर मी लिहिलं नाही. शेत होतं, बहिणीचं लग्न होतं, सोसायटीचं कर्ज होतं. न लिहिणाऱ्या माणसाला कामं कमी नसतात.

आमच्या भजनात पखवाजाला एक आबा होते. सही करण्यापुरतं लिहिता यायचं, पण गाथ्यातले शेकडो अभंग पाठ. माझ्या वहीचं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. एकदा शेताच्या बांधावर भेटले आणि म्हणाले, “काय करायलास रे सध्याला? तुपली वही हारपली म्हणं?”

म्हटलं, “हो आबा. गेली.”

“तुकोबाची गेली तव्हा ती देवानं तारली का लोकायनं, काय वाटतंय तुला?”

मी काही बोललो नाही. गाथा इंद्रायणीत बुडवली, तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, हे लहानपणापासून ऐकलेलं. आबा पखवाज्या माणूस, थेट बोलले. “म्हणणारे होते म्हणून तरली. ज्याला चाल हाये त्याला पाणी काय करतंय? तुपल्या गोष्टीला चाल हाये का ते बघ.” आणि निघून गेले. मला राग आला होता. मोठ्या माणसाचं उदाहरण देऊन बारक्याला गप्प करायची आपल्याकडं रीतच आहे, असंच मला तेव्हा वाटलं.

सप्ताहाच्या यादीत दोन ते चारला माझं नाव त्यांनीच घातलं.

पहिल्या रात्री नुसती झोपेशी झुंज झाली. दुसऱ्या रात्री देवळात मी आणि समईजवळ कलंडलेला एक म्हातारा, एवढेच. वीणेवर बोट फिरायचं, तोंडात रामकृष्णहरी, दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं. अर्ध्या तासानं बोट आपोआप फिरायला लागतं. नाव चालू राहतं आणि डोकं रिकामं होतं. त्या रिकाम्या जागेत अचानक एक ओळ आली: ‘बाजारला निघताना बापानं बैलाच्या शिंगांना तेल लावलं, आणि मायनं तोंड फिरवलं.’ माझ्याच गोष्टीची पहिली ओळ. शब्दानं शब्द. दोन झंकारांत ती बरोबर मावत होती. तिच्यामागनं दुसरी आली, तिसरी आली. चारला काकड्याची माणसं आली तेव्हा बैल बाजारात उभा होता आणि दलाल रुमालाखाली बोटं दाबत होता.

सकाळी आबांना विचारलं, “पहाऱ्यात मन गोष्टीकडं जायलंय, काय करू?”

“तोंडात नाव हाये ना? मग हिंडू दे मनाला. येतंय माघारी.”

सात रात्रींत अकरापैकी पाच गोष्टी माघारी आल्या. पहारा सुटला की देवळाच्या ओसरीत बसून उतरवून काढायचो. सहा आल्या नाहीत. नंतरही कधी आल्या नाहीत. त्यातली एक तर मला सगळ्यात भारी वाटायची, तिच्यात मोठमोठे संस्कृत शब्द घातले होते. ती आठवायचा लई प्रयत्न केला. विषय आठवतो, माणसं आठवतात, ओळ एकही नाही.

असं का झालं याचा मी बरीच वर्षं विचार केला. मोठ्या अभंगाचा एक चौक बावीस अक्षरांचा: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. ते यमक पुढच्या शब्दाला बोलावून आणतं आणि शेवटची चार अक्षरं श्वास खाली ठेवायला जागा देतात. भजनी ठेका आठ मात्रांचा. कुठूनही निघा, समेवर यावं लागतं. निरक्षर माणसाच्या डोक्यात शेकडो अभंग राहतात ते या बांधणीमुळं. गोष्टीला यमक नसतं, पण श्वास असतो. ज्या पाच आल्या त्या मी जागलीला माळ्यावर स्वतःशी मोठ्यानं बोलत लिहिलेल्या होत्या. बाकीच्या घरात, गपचूप, कागदाकडं बघून.

आमचं गाव नर्सीपासून दोन कोसांवर, कयाधूच्या अंगाला. नर्सी नामदेवांचं जन्मगाव. नामदेव इथून पंढरपूरला गेले, तिथून पंजाबात गेले, आणि त्यांची एकसष्ट पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्या ग्रंथातली पदं रागांप्रमाणं लावलेली आहेत हे मला २०१५ साली कळलं, घुमानला साहित्य संमेलन भरलं तेव्हा. आधी राग, मग त्याखाली त्या रागात गायची पदं. औंढ्याला नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करताना नामदेवांना हुसकावलं, ते मागच्या बाजूला जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरलं, अशी आमच्याकडं कथा सांगतात. खूण म्हणून मागच्या बाजूचा नंदी दाखवतात. लहानपणी मला देऊळ फिरल्याचं नवल वाटायचं. दोन ते चारचा पहारा केल्यापासून मला त्यातली मधलीच जागा आवडते: हुसकावल्यावर माणूस मागं गेला आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं धरलं. देऊळ फिरेल हे त्याला कुठं ठाऊक होतं!

बैलाची गोष्ट १९८८ च्या एका दिवाळी अंकात आली. त्यापायी पंचवीस रुपयांची मनिऑर्डर आली. पोस्टमननं या खेपेला पेढा मागितला. अंक घेऊन मी हरिपाठानंतर देवळात गेलो. टाळकरी होते, चार बायका होत्या, आबा पखवाजाला कणीक लावत बसले होते. म्हणाले, “वाच.”

मी वाचायला लागलो. आबांनी हात पुसले आणि डोळे मिटले. त्यांची बोटं मांडीवर हळूहळू चालायला लागली. बैल बाजारात पोचला, दलालानं रुमाल टाकला, बोटं चालूच होती. बाप पैसे मोजायला लागला तिथं ती थांबली. मी पेन्सिल काढून त्या जागी बारीक खूण केली आणि पुढं वाचत गेलो.