दुर्गाबाई, उलट्या क्रमाने

दुर्गा खोटे मला पहिल्यांदा भेटल्या त्या म्हाताऱ्याच. पेणला 'बॉबी' लागला तेव्हा आमचा सगळा वर्ग डिंपलवर लट्टू. मला मात्र तिची आजी लक्षात राहिली, आळीतल्या कुठल्याही आजीपेक्षा ताठ. मग 'बिदाई' आला आणि आईने पदर ओला करून घेतला. त्या सोशिक आईसाठी बाईंना फिल्मफेअर मिळालं. मला त्यात फारसं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

पुढे नोकरीने रोह्याला नेलं. तिथे दूरदर्शनवर 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई पाहिली. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी राहिलेली ती बाई, आणि समोर अकबर झालेले पृथ्वीराज कपूर. हेच दोघे १९३४ साली कलकत्त्यात काढलेल्या 'सीता'मध्ये राम-सीता होते, हे कळलं तेव्हा गंमत वाटली. नंतर 'अयोध्येचा राजा'तली १९३२ची तारामती. असं करत करत माझे केस पांढरे होत गेले आणि बाई तरुण.

पेणमध्ये वाढलेला माणूस चेहऱ्यात आधी डोळे बघतो. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम कुणीही करील, डोळ्यांची आखणी मात्र हातखंडा कारागिराकडेच. बाईंचे डोळे 'बॉबी'त आणि तारामतीत तेच आहेत, कुणाला न घाबरणारे.

घाबरून चालणारही नव्हतं. लाडांच्या श्रीमंत घरातली, कॉलेजात शिकलेली मुलगी. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली आणि पदरी दोन मुलं. १९३१च्या 'फरेबी जाल'मधल्या छोट्याशा कामाने बदनामीच पदरात पडली. दुसरी कुणी तिथेच थांबली असती. बाई कोल्हापूरला 'प्रभात'मध्ये गेल्या.

उतारवयात त्या अलिबागला राहायला आल्या, म्हणजे आमच्या पेणहून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या जवळ. जपानची सेत्सुको हारा, 'टोकियो स्टोरी'तली ती शांत सून, साठच्या दशकात सिनेमा सोडून समुद्राकाठच्या कामाकुरात गेली आणि २०१५मध्ये जाईपर्यंत जगाशी बोललीच नाही. तिच्या मौनाचं फार कौतुक होतं. मला आमच्या बाईंची तऱ्हा जास्त आवडते. त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' लिहिलं, नावातच 'मी' घालून. १९८३चं फाळके पारितोषिक घेतलं, आणि त्यांच्याच नावाच्या संस्थेने १९८८मध्ये 'वागले की दुनिया' घरोघर पोचवली. १९९१मध्ये, ऐन गणपतीच्या दिवसांत, त्या गेल्या.

माझ्या वाट्याला सगळ्यात शेवटी आली ती १९३६च्या 'अमर ज्योती'तली सौदामिनी. मोबाइलच्या पडद्यावर, तेव्हाच्या एकतीस वर्षांची. कायदा पोटचा मुलगा देत नाही म्हणून ही आई समुद्रावर जाऊन चाचेगिरी करते.

पुतणीने मात्र सुरुवातच सौदामिनीपासून केली. परवा तिला 'बिदाई' लावून दिला, तर अर्ध्यातच वैतागली, "काका, ही एवढं सोसत का बसलीये? हिचं जहाज कुठे गेलं?"