उंबरठ्याच्या आतील उपचार

मुक्काम बंगळूर

चिरंजीव भाचीस,

तुझे पत्र पोचले. फिजिओथेरपीच्या पदवीस प्रवेश मिळाला नाही, तेव्हा येथील उपचार-साहाय्यकाचा अभ्यासक्रम पत्करावा काय, असे तू विचारले आहेस. आणि तुझ्या वडिलांनी या कामाची संभावना ‘मालिश करणे’ अशी केल्याचेही प्रांजळपणे लिहिले आहेस. त्यांचा मला मुळीच राग आलेला नाही. ज्याच्या घरात अर्धांगवायूचे माणूस कधी अंथरुणास खिळलेले नाही, त्याला हे काम दुरून तसेच दिसते. मात्र ज्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, त्याचे खरे स्वरूप तुला कळावे म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

प्रथम अधिकाराची मर्यादा सांगते. रुग्णाची परीक्षा करणे, कोणत्या सांध्यास किती चालना द्यायची आणि कोणत्या स्नायूवर किती भार टाकायचा हे ठरवणे, हा फिजिओथेरपिस्टचा किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अधिकार. त्यांनी आखलेली योजना रुग्णाच्या घरी जाऊन अमलात आणणे, प्रगतीची नोंद दप्तरी ठेवणे, आणि पोटरीस एकाएकी सूज, ताप, आकडी किंवा पाठीवर शय्याव्रणाची पहिली लाली दिसताच त्याच दिवशी वर्दी देणे, हे आपले काम. आपल्या मनाने योजनेत फेरफार करावयाचा नाही. या मर्यादेत कमीपणा नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा तो पायाच आहे.

परंतु योजना इस्पितळात लिहिली जाते आणि ती पार पडते घरात. इस्पितळातील जमीन सपाट, भिंतीला धरावयास दांडा आणि खाटेची उंची हवी तशी कमीजास्त करता येते. तर देवरजीवनहळ्ळीच्या किंवा ईजीपुऱ्याच्या वस्तीत एकाच खोलीत पाच-सहा माणसे, पाण्याची पिंपे, शिलाईयंत्र आणि चूल, दाराला उंच उंबरठा, चाकांच्या खुर्चीहून अरुंद चौकट, आणि शौचकूप गल्लीच्या टोकाला, तोही उकिडवे बसण्याचा. ‘रोज वीस पावले चालवावे’ असा शेरा कागदावर असतो, आणि खोलीत मोकळी जागा सहा पावलांची! अशा ठिकाणी साहाय्यकाची बुद्धी खरोखर पणास लागते. खाटेच्या पायांखाली विटा सारून ती गुडघ्याच्या उंचीवर आणली की आजवर दोघांनी उचलावा लागणारा गृहस्थ एकाच्या आधाराने उभा राहतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीचा मधला भाग कापून ती भांड्यावर ठेवली की वृद्धेची लाज राखली जाते. खाटेवरून खुर्चीत नेताना खुर्ची धडधाकट अंगाच्या बाजूस मांडली की पडण्याचे भय कमी होते. नवऱ्याला उठवावयास घाबरी झालेली पत्नी बहुधा त्याचा लुळा हातच धरून ओढते, आणि स्नायूंची पकड गमावलेला तो खांदा तेवढ्याने निखळू लागतो. तेव्हा तिचे हात कमरेशी किंवा पाठीच्या फऱ्यावर कोठे ठेवावयाचे, हे तिला पुनःपुन्हा, तिचा धीर न खचवता दाखवावे लागते.

बालकांच्या बाबतीत तर घरच्या चालीरीतीच कित्येकदा औषधाचे काम करतात. सेरेब्रल पाल्सीच्या ज्या मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, त्यांना दोन्हीकडे पाय टाकून कडेवर घेण्याची आपल्या आयाबायांची जुनी पद्धत मांड्या अलग ठेवण्यास फार उपकारक ठरते. तू करत आलीस तेच योग्य आहे, एवढे सांगितले तरी दोषाच्या भावनेने पिचलेल्या आईचा चेहरा बदलतो.

कृष्णराजेंद्र मार्केटात हार गुंफणाऱ्या एका बाईंचे उदाहरण देते. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता. चेंडू दाबणे, खुंट्या लावणे या व्यायामांना त्या कंटाळल्या होत्या. थेरपिस्टबाईंच्या संमतीने आम्ही त्यांच्यापुढे दोरा आणि कनकांबराची, म्हणजे आपल्या अबोलीची, फुले ठेवली. प्रारंभी लुळ्या हाताने नुसता दोरा दाबून धरावयाचा आणि डाव्या हाताने गाठ मारावयाची, असा क्रम ठेवला. आणि जी चिमूट खुंट्यांना दाद देत नव्हती, ती फुलांपाशी काही महिन्यांनी वळू लागली. माणसाच्या नित्यकर्मातूनच त्याचा उपचार घडवावा, हे ऑक्युपेशनल थेरपीच्या शास्त्राचे मूलतत्त्व. त्याची पहिली शाळा या देशात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 साली निघाली, आणि ती काढली अमेरिकेत जन्मून मराठी घरची सून झालेल्या कमलाबाई निंबकरांनी. हे नाव तुझ्या वडिलांना अवश्य सांग.

रुग्णाला इस्पितळाकडे ओढत नेण्याऐवजी विद्याच त्याच्या वस्तीत न्यावी, हा विचार 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जगभर बळावला. घरच्या माणसाने पाहून शिकावे अशा सचित्र पुस्तिकांचा संच जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली प्रसिद्ध केला. बंगळुरास मात्र अशा कामाची परंपरा त्याहून जुनी आहे. स्वतः पोलिओग्रस्त असलेल्या एन. एस. हेमा यांनी 1959 साली स्थापलेली अपंगांची संस्था आज लिंगराजपुरात मोठी झाली आहे. पुढे 1994 साली निघालेल्या, जे. पी. नगरातील मोबिलिटी इंडियाने कृत्रिम पाय व कॅलिपर बनवण्याबरोबरच उपचार-साहाय्यक घडवण्याचे कार्य हाती घेतले आहे.

पोलिओ गेला, आता या कामास भवितव्य काय, अशी शंका तू काढली आहेस. देशातील वन्य विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला हे खरे. परंतु पक्षाघात, रस्त्यावरील अपघातांत दुखावलेले मज्जारज्जू आणि मधुमेहाने गमवावे लागलेले पाय यांना तोटा नाही. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. काम उदंड आहे. उणीव आहे ती या कामाच्या कदरीची. कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींत आणि तालुक्यांत पुनर्वसन कार्यकर्ते नेमले, त्यांपैकी पुष्कळ जण स्वतः अपंग आहेत, ही योजना स्तुत्य होय. पण त्यांना मिळते ते मानधन. जो माणूस दुसऱ्याला पायांवर उभे करतो, त्याला दरमहा निश्चित वेतन आणि कायम पद असू नये, हा माझ्या मते उघड अन्याय आहे, आणि त्याविषयी आपण बोलत राहिले पाहिजे.

वेतनाचा मोह धरून येऊ नकोस, हे म्हणूनच स्पष्ट लिहिते. तसेच, आपले कौशल्य आपल्याच हाती राखून ठेवण्याची वृत्ती असेल तरीही येऊ नकोस. ज्या घरी आई, बहीण, सून यांनी सारे शिकून घेतले आणि आपल्या फेऱ्यांची गरज उरली नाही, त्या घरचे काम सफल झाले असे आम्ही मानतो. एखाद्या घरी वर्षानुवर्षे आपलीच वाट पाहिली जात असेल, तर आपण शिकवले काहीच नाही.

या दोन्ही गोष्टी मनास पटत असतील तर मुदतीच्या आत अर्ज पाठव. राहण्याची तजवीज माझ्याकडे होईल. येथे एका गल्लीत कन्नड, दुसरीत तमिळ, तिसरीत दखनी ऐकू येते, आणि दुखणाऱ्या माणसाला आपले दुखणे दुभाष्यामार्फत सांगवत नाही. तेव्हा मिरजेत असतानाच कन्नड बोलावयास आरंभ कर, आणि ‘दुखते का’, ‘घाबरू नका’, ‘हळूच उठा’ ही वाक्ये आधी शिकून घे.

तुझी मावशी